‘जय भीम कॉम्रेड’ : एक उशिराचे परीक्षण

श्री. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा अनुबोधपट २०११ साली पुरा झाला. त्याचे परीक्षण करावयास आम्हांस बराच उशीर झाला आहे, हे उघड आहे. परंतु जी कृती सिद्ध होण्यासच चौदा वर्षे लागली, तिच्याविषयी सावकाशीने बोलल्यास कर्त्याची तक्रार नसावी. शिवाय तिचा बराचसा उत्तरार्ध आमच्या पुण्यातील तरुण शाहिरांभोवती फिरतो, आणि येथील रसिकांनी तिच्याकडे द्यावे तितके लक्ष दिल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

११ जुलै १९९७ रोजी सकाळी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्यास चपलांचा हार घातलेला आढळला. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळ्या झाडल्या आणि दहा माणसे मेली. जमाव गॅसचे टँकर पेटविणार होता, हा पोलिसांचा बचाव गुंडेवार आयोगाने मानला नाही. २००९ साली सत्र न्यायालयाने संबंधित फौजदारास जन्मठेप दिली. पुढे उच्च न्यायालयाने शिक्षा स्थगित करून त्यास जामिनावर सोडले. गोळीबारानंतर चौथ्या दिवशी शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत गळफास घेतला.

घोगरे हे डाव्या चळवळीचे शाहीर. पटवर्धनांच्या ‘हमारा शहर’ या १९८५ च्या चित्रपटातही त्यांचा आवाज आहे. मरताना त्यांनी डोक्यास निळे फडके बांधले होते. ज्याने उमेदीची वर्षे लाल निशाणाखाली घालविली, त्याने अखेरीस निळा रंग का निवडावा? चित्रपटाचा खरा विषय हाच. कर्ते स्वतः डाव्या विचारांस जवळचे असूनही उत्तर आपल्या सोयीचे करून घेत नाहीत. घोगऱ्यांस त्यांच्याच संघटनेने दूर केले होते, ही गोष्ट ते झाकीत नाहीत. हा प्रांजळपणा आम्हांस त्यांच्या इतर सर्व गुणांहून मोलाचा वाटतो.

सव्वातीन तासांची लांबी आणि गाण्यांचा सुकाळ यांविषयी कुरकुर ऐकू येते. गाणी काढून टाकली तर उरेल ते खटल्याचे दप्तर. मेलेल्यांची नावे दप्तरातही असतात. पण त्यांच्या वस्तीची जिद्द शाहिराच्या कंठातच सापडते.

आमचे भांडण निराळ्या ठिकाणी आहे. रिपब्लिकन गटांचे पुढारी कालच्या विरोधकांच्या व्यासपीठावर बसलेले चित्रपट दाखवितो, आणि प्रेक्षक त्यांच्या लोभास हसून मोकळा होतो. लोभ नाही असे कोण म्हणेल? पण येरवड्याच्या तुरुंगात २४ सप्टेंबर १९३२ रोजी झालेला करार स्मरावा. अस्पृश्यांस प्रांतिक कायदेमंडळांत ७१ ऐवजी १४८ जागा मिळाल्या. मात्र प्राथमिक निवडणुकीत त्यांनी चार उमेदवार पुढे करावयाचे आणि त्यांतील एक संयुक्त मतदारसंघाने निवडावयाचा, असे ठरले. आज ती प्राथमिक निवडणूकही उरलेली नाही. जागा एकाची, किल्ली दुसऱ्याच्या हाती! सर्वसाधारण जागांवर तर विखुरलेल्या अल्पसंख्यांस कोणाचा तरी पदर धरल्यावाचून गत्यंतर नसते. तडजोडीचे बीज माणसाच्या स्वभावाइतकेच या रचनेत आहे, आणि चित्रपट रचनेपाशी पुरेसा थांबत नाही. परिणामी मतदार केवळ फसविला गेलेला दिसतो. त्याचा स्वतःचा हिशेब काय होता, हे कळत नाही.

दलित पँथरने १९७२ साली आपले नाव अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या पक्षावरून घेतले. म्हणून तिकडचा एक दाखला देतो. अलाबामात फेब्रुवारी १९६५ मध्ये जिमी ली जॅक्सन या कृष्णवर्णीय तरुणास पोलिसाची गोळी लागून तो मेला. त्या क्षोभातून सेल्माची पदयात्रा निघाली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टात मतदान हक्काचा कायदा झाला. तेथे गोळी आधी आणि मत नंतर. आमच्याकडे १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीपासून प्रत्येक प्रौढास मत आहे, आणि रमाबाई नगरातील गोळी त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी सुटली. मत हाती असूनही जीव इतका स्वस्त का राहिला, हा आमचा प्रश्न सेल्माच्या प्रश्नाहून अवघड आहे. आणि कर्त्यांनी तो आमच्यापुढे आणला, हे ऋण आम्ही मान्य करतो.

गुजरातच्या दंगलींनंतर २००२ साली पुण्यात उभ्या राहिलेल्या कबीर कला मंचाची मुले पडद्यावर येतात तेव्हा चित्रपटास नवा श्वास मिळतो. शीतल साठे यांचा आवाज ऐकताना टीकाकाराने लेखणी खाली ठेवावी हे बरे. पण २०११ मध्ये मंचातील काहींस अटक झाली, काही परागंदा झाले, आणि चित्रपट त्यांच्या गैरहजेरीतच संपतो. २ एप्रिल २०१३ रोजी शीतल साठे आणि सचिन माळी मुंबईत विधानभवनापुढे येऊन पोलिसांच्या स्वाधीन झाले. तो प्रसंग या चित्रपटात नाही, असणे शक्यही नव्हते.