मंचावर निसर्ग येतो, पात्र होत नाही

गावात टेम्पो येतो. पाराजवळ किंवा ग्रामपंचायतीसमोर योजनेचा फ्लेक्स बांधला जातो, ढोलकी-हलगी कडाडते, गण होतो आणि पाऊण तासात झाडं, पाणी, प्लास्टिक असं सगळं उरकून कलापथक पुढच्या गावाला निघतं. निघण्याआधी फोटो काढायचे आणि ग्रामपंचायतीचा दाखला घ्यायचा, त्याशिवाय बिल निघत नाही. निसर्गरक्षणाचा विषय घेऊन गाणारं नाटक म्हणून आपल्या बहुतेक गावांना आज एवढंच ठाऊक आहे.

या कलावंतांच्या अंगात कसब कमी नाही. कुणी तमाशाच्या फडात वाढलेला, कुणाच्या घरात तीन पिढ्यांचा गोंधळ. त्यांच्या गळ्याला आणि हाताला काम देणारं दुसरं कुणी उरलं नाही, म्हणून ते योजनांच्या यादीत आले. २०१६ ते २०१९ या चार पावसाळ्यांत राज्याने वृक्षलागवडीचं उद्दिष्ट २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी आणि ३३ कोटी असं चढवत नेलं. जलयुक्त शिवार आलं, २०२० मध्ये माझी वसुंधरा अभियान आलं. अशा मोहिमांत कलापथकाच्या हाती पडतो तो योजनेचा मजकूर. तो चालीवर बसवायचा आणि मधे दोन विनोद घालायचे. संहिता लिहायला वेळ नाही, तालमीला पैसे नाहीत, मानधन मिळतं ते प्रयोगामागे. मग नाटक रुजणार कुठून?

या प्रयोगांतली पात्रंही ठरलेली. एक दारुडा, एक अडाणी शेतकरी, एक शिकलेली सून किंवा मास्तर. अडाण्याने झाड तोडायला निघायचं, मास्तराने त्याला प्राणवायूचं महत्त्व सांगायचं, शेवटी सगळ्यांनी मिळून गाणं म्हणायचं. माझा सगळ्यात मोठा आक्षेप इथे आहे. समोर बसलेल्या म्हातारीला बांधावरचं प्रत्येक झुडूप नावाने माहीत असतं. कुठला झरा कुठल्या साली आटला हे ती सांगू शकते. तो झरा का आटला, वरच्या अंगाला कुणी किती बोअर मारल्या, हेही तिला माहीत असतं. नाटक मात्र तिलाच अडाणी ठरवून झाडाचे फायदे शिकवतं. प्रेक्षकाला जे कळतं ते सोडून त्याला जे आधीच पाठ आहे तेच ऐकवलं, तर तो ऐकून उठून जाणारच.

आपल्याकडे हे नेहमीच असं नव्हतं. गाडगेबाबा आधी गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. त्यांच्या कीर्तनात लोकांना प्रश्न विचारलेले असत आणि उत्तरं लोकांनीच द्यायची असत. सत्यशोधक जलशांनी आणि पुढे आंबेडकरी जलशांनी गण-गवळणीचा साचा घेतला आणि त्यात आपला प्रश्न भरला. अण्णा भाऊ साठे, अमर शेख यांचं लाल बावटा कलापथक, राष्ट्र सेवा दलाचं कलापथक ही त्याच वाटेवरची पुढची ठाणी. या सगळ्यांत विरोधी पक्ष स्पष्ट होता. सावकार, भट, मालक, सरकार, कुणीतरी समोर उभं असायचं, आणि झगडा असला की नाट्य आपोआप यायचं. पर्यावरणाच्या आजच्या प्रयोगात झगडा काढून घेतलेला असतो. जंगल कशामुळे गेलं? ‘आपल्या सर्वांच्या निष्काळजीपणामुळे.’ सर्वांच्या म्हणजे कुणाच्याच नाही. वाळूचा ठेका, खाण, कारखान्याचं सांडपाणी यांचं नाव घेतलेला प्रयोग सरकारी बिलावर होणं कठीण, हे कलावंतांनाही कळतं.

शेजारच्या गोव्यात काय होतं ते पाहण्यासारखं आहे. १८९२ मध्ये मुंबईत सुरू झालेलं कोंकणी तियात्र आजही तिकीट काढून पाहिलं जातं. त्याच्या दोन पडद्यांच्या मधे जी कांतारां गायली जातात त्यांचा कथानकाशी संबंध असावाच लागत नाही. त्यामुळे आठवड्यापूर्वी घडलेली गोष्टही थेट गाण्यात येते. खाणी, नद्या, कोळशाची वाहतूक, डोंगरकापणी हे तिथले नेहमीचे विषय आहेत. मंत्र्याचं नाव घेऊन टोला हाणला की प्रेक्षागृह उसळतं आणि तोच टोला पुन्हा ऐकायला मागतं. २०२० मध्ये मोळेच्या जंगलातून जाणाऱ्या रेल्वेमार्ग, महामार्ग आणि वीजवाहिनीच्या प्रकल्पांविरुद्ध गोव्यात लोक उठले, तेव्हा गाणी आणि चित्रं त्या लढ्याच्या अंगातच होती. प्रेक्षक तिकिटाचे पैसे देतो म्हणून कलावंत मोकळा राहतो. हा साधा हिशेब आपण विसरलो आहोत.

केरळचं उदाहरण आणखी जवळचं, कारण त्याचा धागा महाराष्ट्रापर्यंत आला. केरळ शास्त्र साहित्य परिषदेने सायलेंट व्हॅलीच्या धरणाला विरोध करताना विज्ञान लोकांपर्यंत नेलं आणि १९८० पासून कलाजथा काढले. गाणी, छोटी नाटुकली, कथन यांची ती गावोगाव फिरणारी मालिका होती. १९८७ च्या भारत जनविज्ञान जथ्याने हा नमुना देशभर नेला आणि आपल्या लोकविज्ञान चळवळीनेही तो उचलला. त्या जथ्यांची ताकद तयारीत होती. कलाकार एकत्र राहायचे, विषय शिकायचे, वाद घालायचे आणि मग मंचावर यायचे. जथ्याचा ढाचा आपल्याकडे राहिला, त्यामागची शिबिरं गेली.

पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेने (२०१६ ते २०१९) एक गोष्ट मात्र नीट ओळखली होती. तिथे गाणं श्रमदानाशी जोडलेलं होतं. हातात कुदळ असलेला माणूस गातो तेव्हा ते गाणं उपदेश राहत नाही. शेतात राबताना म्हणायच्या आपल्या भलरीची जात तीच. पण उन्हाळ्यातले ते ४५ दिवस सरल्यावर जमलेलं पाणी कुणी किती उपसायचं, उसाला द्यायचं की ज्वारीला, हा खरा नाट्यमय प्रश्न पुढे येतो. त्यावर कुठलंही गाणं गावात टिकून राहिलेलं माझ्या कानी नाही. पाण्यावरचं नाटक जात आणि सत्ता टाळून लिहिता येत नाही, हे प्रेमानंद गज्वींनी ‘घोटभर पाणी’ या एकांकिकेत सत्तरच्या दशकातच दाखवून दिलं होतं. नाशिकच्या दत्ता पाटलांच्या ‘हंडाभर चांदण्या’तलं टँकरची वाट पाहणारं गावही त्याच प्रश्नाच्या गाभ्याशी जातं. ही नाटकं स्पर्धांत, शहरांच्या नाट्यगृहांत नावाजली गेली. ज्या गावांची ती आहेत त्या गावांच्या पारावर त्यांचे प्रयोग का होऊ नयेत? जालना जिल्ह्यातल्या शेतकरी पोरांनी ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ उभं केलं, संभाजी भगतांच्या शाहिरीने ते पेटवलं, आणि नाटक शहरांनी डोक्यावर घेतलं. गावातून उभं राहिलेलं गाणारं नाटक अवघड विषय पेलू शकतं, यासाठी आणखी पुरावा नको.

या कलेचं भवितव्य मला दोन जागी दिसतं. दोन्ही जागी प्रेक्षक आधीपासून हजर आहे.

पहिली जागा दशावतार. सिंधुदुर्गात आणि पेडण्याकडे जत्रेच्या रात्री, देवळासमोर, पेटी, पखवाज आणि झांजेच्या साथीवर पहाटेपर्यंत चालणारं हे नाटक लिखित संहितेशिवाय उभं राहतं. आख्यान ठरतं ते रंगायच्या खोलीत, संवाद सुचतात मंचावर. पूर्वरंगात वेद चोरणारा संकासुर येतो आणि मालवणीत बोलत समोरच्या गावाची फिरकी घेतो. म्हणजे गावाचा ताजा विषय घेण्याची खिडकी परंपरेनेच उघडी ठेवली आहे. शिवाय जत्रा ज्या देवाची, त्याच देवाची राई बऱ्याच गावांत अजून उभी आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात या देवरायांचा अभ्यास मांडला, तेव्हा त्यांनी दाखवलं ते हेच, की लोकांच्या श्रद्धेने जंगलाचे तुकडे राखले. त्या राईवर पडणारी कुऱ्हाड कुणाच्या हाती, जीर्णोद्धारासाठी झाडं विकायचा ठराव कुणी केला, खाणीला जमीन कुणी दिली, हे आख्यान दशावताराला परकं नाही. असुर आणि देव दोन्ही पात्रं तयार आहेत. २०२५ मध्ये सुबोध खानोलकरांच्या ‘दशावतार’ चित्रपटाने कोकणातल्या खाणीचा प्रश्न या कलेच्या आधाराने मांडला आणि लोकांनी थिएटरं भरली. सिनेमाने जे केलं ते आता खुद्द दशावतारी मंडळांनी करून पाहावं. पौराणिक आख्यान मोडेल ही भीती मला पटत नाही, कारण आजवर दशावताराने काल्पनिक कथानकं कितीतरी पचवली आहेत.

दुसरी जागा झाडीपट्टी. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर. धान कापून झालं की वडशाच्या नाटक कंपन्या निघतात, शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या निमित्ताने गावोगाव रात्रभर संगीत नाटकं होतात, पाहुणे बैलगाड्या-मोटारसायकलींवरून येतात आणि तिकीट काढून बसतात. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा बाकीच्या महाराष्ट्राला या रंगभूमीची आठवण झाली. ही राज्यातली सर्वांत जिवंत व्यावसायिक संगीत रंगभूमी आहे असं मी बेधडक म्हणेन. आणि ती उभी आहे ती वाघांच्या मुलखात. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. ताडोब्यात सफारीची जिप्सी चालवणारा आणि रानात पानं तोडणारी हे बहुधा एकाच घरातले. एकाचं पोट वाघावर, दुसरीचा जीव वाघामुळे धोक्यात. असा संघर्ष नाटककाराला शोधून सापडत नाही. याच पट्ट्यात मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. हे सगळं दाराशी असताना झाडीपट्टीची बहुतेक नाटकं अजून सासू-सून, दारू आणि हुंडा यांच्याभोवती फिरतात. त्या विषयांना मी कमी लेखत नाही, प्रेक्षक त्यांच्यावर मनापासून रडतो. पण वाघाने नेलेल्या बाईच्या घरावरचं चार अंकी संगीत नाटक झाडीबोलीत आलं, तर तोच प्रेक्षक ते पापणी न लवता पाहील याची मला खात्री आहे.

संगीताबद्दलही बोललं पाहिजे. पर्यावरणाच्या गाण्यांना लोकप्रिय चाल लावतात ही तक्रार नेहमी होते. ती मला मान्य नाही, तमाशाने चाली कायम उसन्या घेतल्या. दोष शब्दांत आहे. घोषणा चालीवर बसवली की तिचं गाणं होत नाही. पोवाड्याला घटना लागते, दिवस लागतो, ठिकाण लागतं. गोंधळाच्या सुरुवातीला ठिकठिकाणच्या देवांना नावाने बोलावतात. तसं आपल्या ओढ्यांना, टेकड्यांना, बुजलेल्या तळ्यांना नाव घेऊन बोलावणारा गोंधळ का रचू नये? तुकोबांचा वृक्षवल्लींवरचा अभंग तर प्रत्येक वृक्षारोपणाला म्हटला जातो, पण त्यात रोपं लावायचा उपदेश कुठेच नाही. एकांतात रानाच्या संगतीला बसलेला माणूस आहे त्यात. मुंबईत २०१९ मध्ये आरेची झाडं तोडली गेली त्याच वर्षी ‘स्वदेशी’ या रॅप गटाने आरेतल्या वारली आवाजाला सोबत घेऊन ‘वारली रिव्होल्ट’ केलं. ते लोकांना भिडलं, कारण त्यात कुणाचं तरी घर जात होतं.

सांस्कृतिक खात्याला आणि निसर्गासाठी निधी देणाऱ्या संस्थांना माझी विनंती आहे. पुढच्या वर्षी शंभर गावांत पाऊण तासाचे प्रयोग करण्याऐवजी एका झाडीपट्टी कंपनीला आणि एका दशावतारी मंडळाला पूर्ण हंगामाच्या तालमीचे पैसे द्या, लेखकाला त्या गावांत राहू द्या, आणि संहितेत कुणाचं नाव यावं हे त्यांच्यावर सोडा. कार्तिकात जत्रा सुरू होतील, धान कापून झालं की वडशाच्या कंपन्या निघतील. तेव्हा वाचकांनी सावंतवाडी, कुडाळ किंवा वडशाला जाऊन एक रात्र नाटकाला बसावं आणि मंडळाच्या किंवा कंपनीच्या प्रमुखाला भेटून विचारावं, तुमच्या गावच्या राईचं, तुमच्या वाघाचं नाटक कधी करताय?