उत्तर बरोबर, रीत चुकीची

तांब्याची तार वीजही चांगली वाहून नेते आणि उष्णताही. दोन्ही कामे प्रामुख्याने मुक्त इलेक्ट्रॉन करतात, असे आपण वर्गात सांगतो व ते खरेच आहे. परंतु ज्या द्रूड यांच्या सिद्धांतावर हे विवेचन उभे असते, त्याच्या यशाचे वर्णन पुष्कळदा अर्धवट केले जाते.

१८५३ साली वीडमान आणि फ्रांझ यांना असे आढळले, की एकाच तापमानाला निरनिराळ्या धातूंसाठी उष्णतावाहकता व विद्युतवाहकता यांचे गुणोत्तर जवळजवळ सारखे येते. हे गुणोत्तर निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढते, हे १८७२ मध्ये लॉरेन्झ यांनी दाखवले. म्हणजे त्याला तापमानाने भागले की एक स्थिरांक मिळतो. १९०० साली पॉल द्रूड यांनी इलेक्ट्रॉन वायूच्या रेणूंसारखे फिरतात असे मानून हा स्थिरांक काढला. तो प्रयोगाशी छान जुळला.

पण तो जुळला कसा? द्रूड यांच्या गणितात विद्युतवाहकता चुकून निम्मी आली होती. ती सुधारली तर स्थिरांक निम्माच उरतो. याहून गंभीर बाब पुढेच आहे. त्यांनी धरलेल्या उष्णतेच्या सुमारे शंभरावा भागच इलेक्ट्रॉन नेहमीच्या तापमानाला साठवतात. उलट त्यांच्या वेगाचा वर्ग मात्र द्रूड यांच्या अंदाजाच्या सुमारे शंभरपट असतो. गुणाकारात या दोन चुका एकमेकींना झाकून टाकतात! १९२८ च्या सुमारास सोमरफेल्ड यांनी पुंजयामिकीच्या आधारे हे दोष दूर केले, तेव्हा कुठे स्थिरांकाला पक्का पाया मिळाला.

यात द्रूड यांना कमी लेखण्याचे कारण नाही. पुंजयामिकी तेव्हा नव्हतीच, आणि मुक्त इलेक्ट्रॉनांची त्यांची कल्पना आजही टिकून आहे. आक्षेप आहे तो आपल्या शिकवण्यावर. विद्यार्थ्याने दोन चुका करून बरोबर उत्तर आणले, तर आपण रीत तपासतो. मग सिद्धांताची रीत का तपासू नये? आकडा जुळला म्हणजे चित्र खरे, हा समज विज्ञानाला घातक आहे.

'विजेचा सुवाहक तोच उष्णतेचा सुवाहक' असे फळ्यावर लिहितानाही हिरा आठवावा. तो विजेचा दुर्वाहक आहे, तरी उष्णता मात्र तांब्याच्या सुमारे पाचपट चांगली वाहून नेतो, कारण तेथे ते काम अणूंची कंपने करतात. नियम सांगताना त्याची हद्दही सांगावी.