डिजिटल कलेतील नगर : वास्तू आणि माणूस यांचा संबंध

नगराचे चित्र काढणे म्हणजे दोन भिन्न प्रमाणांच्या वस्तू एकाच चौकटीत आणणे होय. वास्तू मोठी, स्थिर आणि दीर्घायुषी. माणूस लहान, चंचल आणि अल्पायुषी. वास्तू पूर्ण दिसेल इतक्या अंतरावर चित्रकार उभा राहिला, की माणसाचा चेहरा हरवतो; चेहरा दिसेल इतका तो जवळ आला, की वास्तू चौकटीबाहेर जाते. या पेचातून प्रत्येक काळातील नगरचित्रकाराला वाट काढावी लागली आहे. डिजिटल माध्यमाने हा पेच सोडवला, असे वरवर पाहता वाटते. तो खरोखर सुटला आहे काय, आणि सुटला नसेल तर त्याचे रूप कसे पालटले आहे, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

प्रथम एका गैरसमजाचे निरसन केले पाहिजे. अनेक ठिकाणांहून घेतलेली दृश्ये जोडणे, किंवा नसलेली इमारत चित्रात उभी करणे, ही संगणकाची देणगी नव्हे. अठराव्या शतकात व्हेनिसची दृश्ये रंगविणाऱ्या कानालेत्तोने (१६९७–१७६८) हे दोन्ही केले होते. एका जागी उभे राहून एकत्र दिसू शकणार नाहीत अशा बाजू त्याने एकाच चित्रात सामावल्या. पालादिओने कल्पिलेला, परंतु कधीच न बांधला गेलेला रिआल्तोचा पूलही त्याने रंगवून दाखविला. त्याच्या चित्रांत माणसे आहेत, पण बहुधा ती इमारतींची उंची कळावी आणि चौक ओसाड दिसू नये एवढ्यापुरतीच. सारांश, जोडकाम जुने आहे आणि माणसाला शोभेपुरते वापरण्याची प्रथाही जुनी आहे.

मग डिजिटल माध्यमाचे वेगळेपण कशात आहे? ते प्रतिमेच्या घडणीत आहे. डिजिटल प्रतिमा ही बिंदूंची जाळी असते. प्रत्येक बिंदूला स्थान आणि रंग यांची मूल्ये दिलेली असतात, आणि यांपैकी कोणतेही मूल्य इतरांना धक्का न लावता पालटता येते. घुमटाचा बिंदू आणि हमालाच्या पाठीचा बिंदू यांत या माध्यमाच्या दृष्टीने काहीच भेद नसतो. भिंगाला उभे राहण्याची जागा लागते आणि त्या जागेमुळे जवळचे-दूरचे, मोठे-लहान हे आपोआप ठरते. संगणकाच्या पडद्यावर ते ठरवावे लागते. म्हणून माणूस आणि वास्तू यांच्या नात्याची जबाबदारी येथे संपूर्णपणे कलावंतावर येऊन पडते. माणूस लहान दिसला तर तो अंतरामुळे लहान दिसला, ही सबब त्याला उरत नाही.

या जबाबदारीची जाणीव नसली म्हणजे काय होते, याचे उदाहरण कोणत्याही वाढत्या शहराच्या रस्त्यावर दिसते. गृहप्रकल्पांच्या जाहिरातफलकांवरील संकल्पचित्रे हा आजच्या नागर माणसाच्या डोळ्यांपुढे सर्वाधिक वेळा येणारा डिजिटल नगरचित्राचा प्रकार होय. त्यांत इमारत बारकाईने घडविलेली असते. काचेवर ढगांचे प्रतिबिंब असते, पायरीवर ऊन असते. माणसे मात्र तयार संग्रहातून आणून चिकटविलेली असतात. त्यांच्या सावल्या कित्येकदा इमारतीच्या सावलीशी जुळत नाहीत, आणि त्यांचे कपडे त्या गावच्या हवेशी. ही केवळ कारागिरीतील उणीव नव्हे. त्या जागेवर आज राहणारी वा राबणारी माणसे चित्रातून वगळली गेली आहेत आणि त्यांच्या जागी कोठेच न राहणारी माणसे आली आहेत. तंत्र तेच, प्रश्न ते कोणत्या दृष्टीने वापरले जाते हा आहे.

तीच साधने गंभीर कलाहेतूने वापरली असता काय साधते, हे पाहण्यासाठी जर्मन छायाचित्रकार आंद्रेआस गुर्स्की याची ‘पॅरिस, मोंपार्नास’ (१९९३) ही कृती उपयुक्त आहे. झाँ द्युब्युइसोँ या वास्तुकाराने रचलेल्या एका प्रचंड निवासी इमारतीचे हे चित्र दोन स्थानांवरून घेतलेली छायाचित्रे संगणकावर जोडून सिद्ध केले आहे. इमारतीची डावी-उजवी टोके चौकटीत येत नाहीत, त्यामुळे ती अनंत पसरली असल्याचा भास होतो. दुरून दिसते ती केवळ रंगीत चौकोनांची जाळी. भव्य आकाराच्या त्या चित्राजवळ गेल्यावर मात्र एकेका खिडकीत पडदे, सामान आणि क्वचित माणसे दिसू लागतात.

बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात मांडलेली संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे या चित्राला लावून पाहण्याजोगी आहेत. जाळीच्या अखंड आवृत्तीत संवाद आहे; खिडकीखिडकीतील लहानशा भेदात विरोध आहे; आणि दूरचे व जवळचे अशा दोन पाहण्यांत मिळून समतोल सिद्ध होतो. माणूस येथे शोभेचा नाही, तो रचनेचा घटक आहे. परंतु तो रंगाच्या भेदाएवढाच उरतो, हेही मान्य केले पाहिजे. शेजारच्या दोन खिडक्यांतील माणसांचे एकमेकांशी काय नाते आहे, हे या चित्राला सांगता येत नाही. कदाचित ती वास्तूच ते सांगू देत नाही.

शांघायमध्ये १९८० साली जन्मलेल्या यांग योंगलियांग याच्या डिजिटल निसर्गचित्रांत याच्या उलट गती आहे. दुरून ती सोंग काळातील डोंगर-पाण्याची शाईचित्रे भासतात. जवळ जाताच कडे म्हणजे इमारतींचे थर आणि झाडे म्हणजे विजेचे मनोरे व याऱ्या असल्याचे उमगते. परंपरेचा आकार ठेवून त्यातील द्रव्य पालटण्याची ही युक्ती मार्मिक आहे. तथापि जुन्या चित्रपरंपरेत डोंगराच्या पायथ्याशी वाट चालणारा एखादा वाटसरू पाहणाऱ्याला चित्रात नेत असे. तशा प्रवासाची शक्यता या नव्या कड्यांत फारशी उरलेली नाही.

वास्तू आणि माणूस यांच्या नात्याचा सर्वांत मूलगामी विचार मात्र याआधीच्या एका कृतीत झालेला आढळतो. जेफ्री शॉ याने डर्क ग्रूनेवेल्ड याच्या लेखनसाहाय्याने ‘द लेजिबल सिटी’ ही कृती रचली. तिची मॅनहॅटन (१९८९), ॲम्स्टरडॅम (१९९०) आणि कार्ल्सरूह (१९९१) अशी तीन रूपे आहेत. प्रेक्षक एका जागी पक्क्या बसविलेल्या सायकलीवर बसून पायटे मारतो आणि समोरच्या मोठ्या पडद्यावर नगर त्याच्या गतीने सरकू लागते. या नगरात इमारती नाहीत. रस्त्यांचा आराखडा खऱ्या शहराचा आहे. पण त्यांच्या दुतर्फा उभी आहेत ती घनाकार अक्षरे, आणि त्यांची वाक्ये होतात. मॅनहॅटनमध्ये ही वाक्ये माजी महापौर, वास्तुकार, वाटाड्या, भामटा, टॅक्सीचालक अशांची कल्पित स्वगते आहेत. प्रत्येकाच्या अक्षरांचा रंग निराळा असल्याने सायकलस्वाराला एकाच्या कथेचा माग धरता येतो. ॲम्स्टरडॅममध्ये अक्षरांची उंची व जागा मूळ इमारतींनुसार ठेवली आहे, आणि मजकूर त्या त्या परिसरात पूर्वी घडलेल्या साध्यासुध्या घटनांच्या दप्तरी नोंदींवर आधारलेला आहे.

येथे वास्तू आणि माणूस यांच्या प्रमाणांचा पेच अनपेक्षित रीतीने सुटतो. माणसाला इमारतीशेजारी उभे न करता, त्याच्या बोलण्यालाच इमारतीची उंची दिली जाते. नगर म्हणजे तेथे जे घडले व बोलले गेले त्याचा साठा, हा विचार दृश्य होतो. मराठीच्या अभ्यासकाला येथे महानुभावांच्या ‘स्थानपोथी’चे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. त्या ग्रंथात देवळे, मठ, ओटे यांची दिशांसह नोंद आहे. पण ती वास्तूंच्या कौतुकापोटी नाही. चक्रधरस्वामी येथे राहिले, येथे बसले, म्हणून ती जागा नोंदण्याजोगी ठरली. वास्तूला अर्थ येतो तो तेथील मानवी वर्तनामुळे, ही धारणा दोन्हीकडे समान आहे. भेद इतकाच, की ‘स्थानपोथी’त स्मरण श्रद्धेने एका व्यक्तीभोवती बांधलेले आहे, तर शॉच्या नगरात ते अनेकांत विखुरलेले आहे. चौकात वळले, की एक वाक्य तुटते आणि दुसऱ्याचे मधले शब्द हाती येतात. अर्थ वाटेवर अवलंबून राहतो. आणि वाट चालण्यासाठी पायांना श्रम पडतात, ही गोष्ट गौण नव्हे.

या कृतीची मर्यादा तिच्या यशातच दडलेली आहे. नगर वाचनीय झाले, पण निर्मनुष्यही झाले. भाषा उरली, बोलणारे गेले. रस्त्यावर सायकलस्वार एकटाच असतो. त्याला कोणी अडवीत नाही, कोणाचा धक्का लागत नाही. १९९८ मधील ‘डिस्ट्रिब्यूटेड लेजिबल सिटी’त निरनिराळ्या ठिकाणच्या सायकलस्वारांना एकाच नगरात भेटण्याची व बोलण्याची सोय झाली. मूळ कृतीतील एकटेपणाची उणीव भरून काढणारे हे पाऊल होते, असे म्हणता येईल.

मुंबईतील ‘कॅम्प’ या २००७ साली स्थापन झालेल्या कलागटाची ‘बॉम्बे टिल्ट्स डाउन’ (२०२२) ही सात पडद्यांवरील कृती हाच प्रश्न दुसऱ्या टोकाकडून हाताळते. महासाथीच्या काळात दक्षिण-मध्य मुंबईतील एका उंच इमारतीवरील पाळतीच्या कॅमेऱ्यातून तिचे चित्रण झाले. येथे जोडकाम किंवा अक्षरांची नगरी नाही. आहे ती एका स्थिर जागेवरून वरून खाली उतरणारी नजर. उंच मनोरे आणि आकाश यांपासून ही नजर खालच्या छपरांपर्यंत येते, तेव्हा नगराची उतरंड एका हालचालीत उलगडते. पाळतीचे यंत्र एरवी माणसाकडे संशयाने पाहण्यासाठी बसविलेले असते. येथे ते माणूस कोठे राहतो हे पाहण्यासाठी वळविले गेले आहे. अंतर कायम आहे, आणि कृती ते लपवीत नाही. दूर असणे हा येथे आशयाचाच भाग होतो.

या कृतींच्या तुलनेतून एक निकष हाती येतो. डिजिटल नगरचित्राची किंमत तपशिलाच्या विपुलतेवर वा जोडकामाच्या सफाईवर ठरवता येत नाही. कारण ही दोन्ही आता सहजसाध्य झाली आहेत. चित्रातून माणूस काढून घेतला असता वास्तूच्या अर्थात काही उणे पडते काय, हा खरा प्रश्न आहे. संकल्पचित्रातून माणसे पुसली तर काहीच बिघडत नाही. गुर्स्कीच्या खिडक्या रिकाम्या केल्या तर त्या चित्राचा तोल जातो. शॉच्या नगरातून शब्द काढले तर नगरच उरत नाही. ज्या शहरांत जुन्या वस्त्या पाडण्यापूर्वीच त्यांच्या जागी येणाऱ्या इमारतींची चित्रे उभी राहतात, तेथे हा निकष केवळ सौंदर्यशास्त्रापुरता राहत नाही. आज चित्रातून वगळलेला माणूस उद्या त्या जागेवरूनही वगळला जाऊ शकतो. म्हणून अशा चित्रांची चिकित्सा करणे हे कलासमीक्षेचे कर्तव्यच ठरते.