एचडीआर छायाचित्रांचे रंगीत व कृष्णधवल संपादन : नाशिकच्या पांडवलेण्यांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

नाशिक शहराच्या दक्षिणेस, त्रिरश्मी डोंगराच्या उत्तर अंगावर कोरलेली 24 लेणी 'पांडवलेणी' या नावाने परिचित आहेत. प्राचीन शिलालेखांत या डोंगराचे नाव 'तिरण्हु' असे आले असून त्याचे संस्कृत रूप 'त्रिरश्मी', म्हणजे तीन किरणांचा, असे मानले जाते. लेण्यांचे तोंड सर्वसाधारणपणे उत्तरेकडे असल्याने त्यांचा अंतर्भाग दिवसभर सावलीत राहतो. समोरचा आसमंत मात्र उन्हाने झगमगत असतो. ओसरीतून बाहेर पाहणारा डोळा हा फरक सहज पचवतो. कॅमेऱ्याला ते जमत नाही. आतील शिल्प दिसेल असे छायाचित्र घेतले तर आकाश पांढरे पडते आणि आकाश सांभाळले तर शिल्प काळोखात बुडते. या अडचणीवर हाय डायनॅमिक रेंज, संक्षेपाने एचडीआर, हे तंत्र उपाय म्हणून पुढे आले. प्रस्तुत लेखात या तंत्राच्या आधारे केल्या जाणाऱ्या रंगीत व कृष्णधवल संपादनाचा वारसास्थळांच्या संदर्भात विचार केला आहे.

तंत्राची पूर्वपीठिका

एकाच दृश्यातील तीव्र उजेड व गडद छाया एकत्र टिपण्याची धडपड संगणकाच्या पूर्वीची आहे. एकोणिसाव्या शतकातील काचेवरील निगेटिव्ह निळ्या प्रकाशाला अधिक संवेदनशील असल्याने आकाश जळून जाई. 1850 च्या दशकात फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव ल ग्रे यांनी समुद्र व आकाश यांच्या दोन वेगळ्या निगेटिव्ह एकाच छापात जोडून त्यावर मात केली. पुढे 1940 च्या सुमारास अमेरिकेत ॲन्सेल ॲडम्स व फ्रेड आर्चर यांनी शुद्ध काळ्यापासून शुद्ध पांढऱ्यापर्यंतच्या छटांची विभागणी करणारी 'झोन सिस्टिम' मांडली. दृश्यातील कोणती छाया छापात कोणत्या पायरीवर बसवायची, हे छायाचित्रकाराने आधीच ठरवावे, हे तिचे सार होय.

संगणकीय एचडीआर याच विचाराचा विस्तार आहे. पॉल डेबेवेक व जितेंद्र मलिक यांनी 1997 मध्ये वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या छायाचित्रांतून दृश्यातील प्रकाशाचे प्रमाण परत मिळवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. 2005 मधील फोटोशॉपच्या सीएस2 आवृत्तीत ही सोय आली आणि 2010 नंतर ती मोबाइल फोनमध्ये पोहोचली. कार्यपद्धती थोडक्यात अशी : छिद्रमान, आयएसओ व व्हाइट बॅलन्स कायम ठेवून केवळ शटरचा वेग बदलत सामान्यतः तीन छायाचित्रे घेतली जातात. त्यांच्या एकत्रीकरणातून बहुधा 32 बिटांची प्रतिमा सिद्ध होते. मात्र सामान्य जेपीईजी प्रतिमेत प्रत्येक रंगवाहिनीला 256 पायऱ्याच उपलब्ध असतात. म्हणून तो विशाल विस्तार या मर्यादेत दाबून बसवावा लागतो. या क्रियेस टोन मॅपिंग म्हणतात. काय राखायचे आणि काय दाबायचे हा निर्णय येथेच होतो. म्हणून एचडीआरचे मूल्यमापनही याच टप्प्यावर केले पाहिजे.

रंगाचा अतिरेक व प्रकाशाची दिशा

टोन मॅपिंग दोन प्रकारे होते. पहिल्यात संपूर्ण प्रतिमेला एकच नियम लागू होतो. दुसऱ्यात प्रत्येक भागाचा त्याच्या शेजारच्या भागाशी तुलना करून स्वतंत्र विचार केला जातो. दुसरा प्रकार अधिक आकर्षक आणि अधिक धोक्याचा आहे. त्यात बारीक तपशील उठून दिसतात, परंतु दारापासून गाभ्यापर्यंत हळूहळू मंदावत जाणारा प्रकाश सपाट होतो. डोंगराच्या कडेभोवती कृत्रिम तेजोवलय उमटते. रंगांची संपृक्तता वाढवल्यास करडा बेसाल्ट जांभळट-नारिंगी भासू लागतो.

हा केवळ अभिरुचीचा प्रश्न नाही. लेणे ही बांधलेली नव्हे, तर डोंगरातून वजा करून घडवलेली वास्तू आहे. ओसरी, सभामंडप आणि भिक्षूंच्या कोठड्या हा क्रम उजेडाकडून अंधाराकडे जाणारा क्रम आहे. कोठडी ओसरीइतकीच उजळ दाखवणारे छायाचित्र तपशिलांनी समृद्ध असूनही वास्तूविषयी चुकीची माहिती देते. येथे अंधार हा प्रतिमेचा दोष नसून वास्तूचा घटक आहे.

शिलालेखांच्या बाबतीत धोका अधिक ठोस आहे. क्रमांक 3 च्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची माता गौतमी बलश्री हिचा प्रसिद्ध लेख आहे. क्रमांक 10 मध्ये क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. सातवाहन-क्षत्रप संघर्षाचा इतिहास मोठ्या प्रमाणावर या ओळींवर उभा आहे. कोरीव अक्षर वाचता येते ते तिरक्या प्रकाशात त्याच्या खोबणीत पडणाऱ्या सावलीमुळे. स्थानिक उठाव बेसुमार वाढवला की ब्राह्मी अक्षराची रेघ आणि खडकाची नैसर्गिक भेग दोन्ही सारख्याच ठळक होतात. सुशोभित छायाचित्रावरून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला भेग ही मात्रा वाटू शकते.

कृष्णधवल : त्याग नव्हे, निवड

कृष्णधवल रूपांतर म्हणजे रंग काढून टाकणे, असा समज रूढ आहे. वस्तुतः लाल, हिरव्या व निळ्या वाहिन्यांना किती वजन द्यायचे याची ती निवड असते. लेण्यांचा पाषाण मूलतः करडा असला तरी त्यावर लोहाचे तांबूस डाग व पावसाळ्यातील हिरवे शेवाळ असते. लाल वाहिनीला अधिक वजन दिल्यास तांबूस डाग फिकट होतात, शेवाळ व निळे आकाश गडद होते. निळ्या वाहिनीवर भर दिल्यास डाग काळवंडतात आणि छायेतील कणीदारपणा वाढतो. अक्षरावर डाग पसरला असेल, तर पहिली निवड वाचनास साहाय्यक ठरते आणि दुसरी बाधक. एचडीआरमुळे छायेतील माहिती टिकून राहत असल्याने अशा निवडीस पुरेसा वाव मिळतो. म्हणूनच टोन मॅपिंग संयत ठेवून केलेले कृष्णधवल संपादन लेण्यांना अधिक न्याय देते. त्यात रंगाचे आकर्षण नसते, म्हणून प्रकाशाच्या दिशेकडे दुर्लक्ष करण्याची सोयही नसते.

तथापि कृष्णधवल हे आपोआप प्रामाणिक ठरत नाही. डार्करूममध्ये सेपिया छटा देण्यामागे चांदीचे अधिक टिकाऊ सल्फाइडमध्ये रूपांतर करण्याचे रासायनिक कारण होते. संगणकावर चढवलेला सेपिया मात्र कालच्या छायाचित्राला उसने वार्धक्य देतो. सर्व चित्र कृष्णधवल करून एखादे झेंडूचे फूल तेवढे केशरी ठेवण्याची पद्धतही अशीच आहे. रचनेने जे साधायचे, ते ती रंगाच्या आज्ञेने साधते.

गोदाघाट : हलत्या माणसांचा प्रश्न

लेण्यांत दृश्य स्थिर असते. रामकुंडावर ते सतत हलते. तीन छायाचित्रांच्या दरम्यान स्नान करणारा भाविक जागा बदलतो आणि एकत्रीकरणात त्याची धूसर प्रतिकृती उमटते. ती काढण्यासाठी संगणक हलत्या भागापुरते एकच छायाचित्र प्रमाण मानतो. परिणामी पायऱ्यांवरील एखादी व्यक्ती अर्धवट उरते किंवा पूर्णपणे नाहीशी होते. 2003 व 2015 च्या सिंहस्थांसारख्या प्रसंगांचे दस्तऐवजीकरण या मार्गाने केल्यास चित्रातून कोण वगळले गेले, हे पाहणाऱ्यास कळण्याचा मार्ग राहत नाही. येथे मूळ एकच चौकट, तिच्या जळालेल्या आकाशासह, पुरावा म्हणून अधिक मोलाची आहे. घाटावरील वस्त्रे, फुले, गुलाल यांचा रंग ही स्वतंत्र माहिती असल्याने त्याचे कृष्णधवल रूपांतरही विचारपूर्वकच व्हावे.

फाळके यांचा दाखला

त्र्यंबकेश्वरी 1870 मध्ये जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांचे स्मारक याच लेण्यांच्या पायथ्याशी आहे. छायाचित्रण व मुद्रण ही दोन्ही तंत्रे त्यांनी चित्रपटापूर्वी आत्मसात केली होती. 1909 मध्ये प्रगत मुद्रणतंत्र शिकण्यासाठी ते जर्मनीस गेले होते. 'लंकादहन' (1917) व 'कालियामर्दन' (1919) या चित्रपटांतील चमत्कार छायाचित्रणाच्या युक्त्यांतूनच उभे राहिले. त्या युक्त्यांना फसवणूक म्हणता येत नाही, कारण प्रेक्षक पौराणिक कथा पाहत असल्याचे जाणून होता. संपादनाचे स्वातंत्र्य प्रतिमेने केलेल्या दाव्यावर अवलंबून असते, हा बोध यातून मिळतो. कलाकृती म्हणून मांडलेल्या एचडीआर चित्रास रंगाची वाटेल ती मुभा आहे. 'पांडवलेणी, क्रमांक 3' अशी ओळ खाली लिहिलेल्या चित्रास ती नाही.

निष्कर्ष

एचडीआरने कॅमेऱ्याची एक जुनी असमर्थता दूर केली, परंतु निवडीची जबाबदारी वाढवली. रंगीत असो वा कृष्णधवल, संपादित प्रतिमेत प्रकाश कोठून येतो व अंधार कोठे आहे हे ओळखू यावे, ही किमान कसोटी मानावी लागेल. महाविद्यालयीन प्रकल्प, प्रदर्शने व संग्रह यांत अशा प्रतिमा वापरताना मूळ छायाचित्रे जतन करणे आणि एकत्रीकरण, टोन मॅपिंग व वाहिन्यांच्या वजनाची नोंद ठेवणे आवश्यक आहे. विशेषतः मोबाइल फोन ही प्रक्रिया वापरणाऱ्याच्या नकळत करीत असल्याने तिची जाण देणे हे इतिहास, कला व संगणक या तिन्ही विभागांचे समान काम ठरते. भेग व अक्षर यांतील भेद ज्याला प्रतिमेत राखता येतो, त्याच्याच संपादनावर अभ्यासकाला विश्वास ठेवता येईल.