स्टीफन्सचे व्याकरण : मुखपृष्ठाची साक्ष

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'ची (१६१६) चर्चा पुष्कळ झाली. त्यांचे पोर्तुगीजमधील कोंकणी व्याकरण मात्र 'भारतीय भाषेचे पहिले मुद्रित व्याकरण' एवढ्या गौरवावर बाजूस पडते. हा गौरव अपुरा आहे. १५७९ मध्ये गोव्यास आलेला हा इंग्रज जेझुइट १६१९ मध्ये वारला. व्याकरण रायतूर येथे छापले गेले १६४० मध्ये. त्यात दियोगु रिबैरु यांनी भर घातली व आणखी चार पाद्र्यांनी ते तपासले, असे मुखपृष्ठच सांगते. तेव्हा हे एकाकी पांडित्याचे फळ नव्हे. नवागत सहकाऱ्यास लोकांचे पापनिवेदन ऐकता यावे, यासाठी आधी आलेल्यांनी सांभाळलेली व वाढविलेली ती शिदोरी होय. (नुसती रूपे घोकून प्रवचन साधत नाही, हे वेगळे.) ज्या गोमंतकीयांच्या तोंडून या पाद्र्यांनी भाषा उचलली, त्यांपैकी एकाचेही नाव मात्र त्या मुखपृष्ठावर नाही.