टोमॅटोतलं डिझेल मोजलं, गोणीचं बिल राहिलं

फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या कुठल्याही सुपरमार्केटात जा, तिथले बरेच टोमॅटो स्पेनमधून आलेले असतात. व्हाक्लाव स्मिल यांनी 'हाऊ द वर्ल्ड रिअली वर्क्स' (२०२२) या पुस्तकात अल्मेरियाच्या हरितगृहातला असाच एक टोमॅटो घेतलाय आणि त्यात किती डिझेल मुरलंय याचा हिशोब मांडलाय. उत्तर युरोपातल्या दुकानात पोचेपर्यंत एका मध्यम टोमॅटोमागे साधारण पाच टेबलस्पून! आपण जीवाश्म इंधनं खातो, हे त्यांचं म्हणणं. पोलाद, सिमेंट, प्लास्टिक आणि अमोनिया हे आजच्या जगाचे चार खांब, आणि त्यातही पहिला मान ते अमोनियाला देतात.

एपिसोडमध्ये आम्ही या पुस्तकाचं कौतुक केलं, ते मागे घेत नाही. खताचा आणि वायूचा संबंध इतका सरळ सांगणारी पुस्तकं थोडी आहेत. अमोनियासाठी नायट्रोजन हवेतून फुकट मिळतो, पण हायड्रोजन बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायूतून काढावा लागतो, आणि भट्टीही त्याच वायूवर चालते. वायू इथे सरपणही आहे आणि कच्चा मालही. तो महागला की कारखानदाराला सहज दुसरीकडे वळता येत नाही.

पण इथून पुढे माझी तक्रार सुरू होते. स्मिल लिटरमध्ये आणि किलोमध्ये विचार करतात. वाचून झाल्यावर असं वाटत राहतं की खताची किंमत म्हणजे रसायनशास्त्राचाच पुढचा पायरीभर भाग: वायू वाढला, खत वाढलं, संपलं. कोणाचं वाढलं, हा प्रश्न राहूनच जातो.

बिलिंगहॅमचं उदाहरण घ्या. ईशान्य इंग्लंडमधल्या या गावात १९२०च्या दशकापासून अमोनिया बनत होता. सप्टेंबर २०२१ मध्ये, म्हणजे युक्रेनवर हल्ला होण्याच्या पाच महिने आधी, वायू परवडेना म्हणून सीएफ कंपनीने इथला आणि इन्स इथला असे दोन्ही कारखाने थांबवले. (सगळं खापर युद्धावर फोडणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.) मग सरकारने पैसे देऊन बिलिंगहॅम तीन आठवड्यांसाठी चालू करून घेतलं. खतासाठी? नाही. अमोनिया करताना निघणारा कार्बन डायऑक्साइड कत्तलखान्यांना, पॅकिंगला आणि सोड्याच्या बाटल्यांना लागत होता म्हणून. शेतकऱ्याला २०२२च्या वसंतात अमोनियम नायट्रेट टनाला हजार पाउंडांच्या आसपास पडलं, वर्षभरापूर्वीच्या साधारण तिप्पट. पुढे वायू उतरला, पण इन्स कायमचं बंद झालं, आणि बिलिंगहॅमचा अमोनिया विभाग बंद करत असल्याचं कंपनीने २०२३ मध्ये जाहीर केलं.

आता त्याच सुपरमार्केटात टोमॅटोच्या शेजारी बघा. तिथे मार्च-एप्रिलमध्ये नाशिकची द्राक्षं असतात. त्यांच्यातलंही डिझेल मोजता येईल. पण ती पिकवणाऱ्याचं खताचं बिल मात्र एका सूत्रात बसत नाही. युरियाची ४५ किलोची गोणी २०२२च्या त्या सगळ्या गोंधळातही २६६ रुपये ५० पैशांनाच होती, कारण वायूचं बिल दिल्लीने भरलं. २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात खत अनुदानाला १.०५ लाख कोटी धरले होते, खर्च अडीच लाख कोटींवर गेला. पोटॅशला मात्र ठरावीक अनुदान, बाकीचं बाजारावर. ती गोणी १७०० रुपयांपर्यंत गेली. आणि ठिबकमधून सोडायची विद्राव्य खतं, जी बागायतदाराला सर्वात जास्त लागतात? त्यांना अनुदान नाही, ती मुख्यतः चीनमधून येतात, आणि चीनने ऑक्टोबर २०२१ पासून खतांच्या निर्यातीवर तपासण्यांचा फास आवळला. एकच शेतकरी, एकच बाग, आणि तीन खतांचे तीन वेगळे मालक.

स्वस्त युरिया म्हणजे शेतकरी सुटला, असंही नाही बरं का. युरियाच्या गोणीबरोबर नको असलेलं दुसरं काहीतरी गळ्यात मारायचं, ज्याला गावाकडे सरळ 'लिंकिंग' म्हणतात, त्याचे पैसे कुठल्याच अनुदानाच्या तक्त्यात दिसत नाहीत. शिवाय पोटॅश महाग आणि युरिया स्वस्त, मग हात कुठे जाणार ते उघड आहे. जमिनीला काय हवंय हा विचार नंतरचा.

आणि युद्ध? ते येतं, पण बातम्यांत येतं तसं नाही. गेल या भारतीय सरकारी कंपनीचा एलएनजीसाठी वीस वर्षांचा करार गाझप्रोमच्या सिंगापूरमधल्या कंपनीशी होता, आणि ती कंपनी होती गाझप्रोमच्या जर्मन शाखेखाली. एप्रिल २०२२ मध्ये जर्मनीने ती शाखा ताब्यात घेतली, आणि भारताकडे यायच्या बोटी चुकायला लागल्या. गेलला खत कारखान्यांचाही वायू कमी करावा लागला. इथे ना बॉम्ब पडला, ना भारताने निर्बंध लावले. नायट्रोजन बनवायला लागणारी ऊर्जा तेवढीच होती, करार तोच होता. बदलली फक्त मधल्या कंपनीवरची सही.

हे प्रकरण पुस्तक छापून झाल्यावरचं, त्याचा दोष स्मिल यांना देता येत नाही. पण त्यांच्या पद्धतीत त्याला जागाच नाही, हा दोष मी देतो. मुरलेलं डिझेल दाखवताना त्यांनी प्रत्येक अन्नापुढे आणखी एकच रकाना काढायला हवा होता: हे डिझेल महागलं तर फरक कोण भरतो, शेतकरी, सरकार, की गिऱ्हाईक?

पुस्तक जरूर वाचा, दुसरं आणि तिसरं प्रकरण आधी. आणि अमोनियावरच्या पानाच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवा: बिलिंगहॅमला आता अमोनिया बोटीने येतो.