रॉजर्सचा तिसरा संग्रह

'रेडिओने कवी गिळला' हे वाक्य समीक्षेतून एकदाचे हद्दपार व्हायला हवे. डब्ल्यू. आर. रॉजर्सवरच्या टिपणांत ते या ना त्या रूपात भेटतेच. बेलफास्टचा जन्म, १९४१ साली 'अवेक!', १९५२ साली 'युरोपा अँड द बुल', मधेच धरलेली बीबीसीची नोकरी आणि १९६९ मध्ये लॉस एंजेलिसला मृत्यू. म्हणजे ५९ वर्षांच्या आयुष्यात दोनच संग्रह. एवढा हिशेब मांडून टिपणकार हळहळतो, चार-पाच कविता छापतो आणि हीनी, लाँगली, महॉन यांच्या पिढीकडे वळतो. आयरिश कवितेचे आढावे वाचताना ही हळहळ इतक्यांदा समोर आली, की तिचा प्रतिवाद केल्यावाचून राहवत नाही. रॉजर्सचा तिसरा संग्रह आहे. तो ध्वनिफितीवर आहे आणि आधीच्या दोन्हींपेक्षा मोठा आहे.

रॉजर्स मूळचा प्रेस्बिटेरियन पाद्री. आर्मा परगण्यातल्या लॉखगॉल या सफरचंदाच्या बागांच्या गावात १९३५ ते १९४६ अशी अकरा वर्षे त्याने प्रवचने केली. 'अवेक!'ची पहिली आवृत्ती जर्मन बॉम्बहल्ल्यात नष्ट झाली, तरी पुनर्मुद्रणाने त्याचे नाव झाले. त्या कविता आज वाचाव्यात तर अनुप्रासांची दाटी दमवते. एक शब्द उच्चारला की त्याच्या नादाचे आणखी चार धावत येतात आणि कवी एकालाही परत पाठवत नाही. सामर्थ्य आहे, उसंत नाही. प्रवचनकाराला समोरच्याने मधेच बोललेले चालत नाही, हा त्या कवितेचा दोष मला आरंभापासून अखेरपर्यंत जाणवतो. कवी लुई मॅक्नीसने त्याला बीबीसीच्या फीचर्स विभागात बोलावून घेतले, तेव्हा हा माणूस पहिल्यांदा इतरांचे ऐकू लागला.

त्या दशकांत माइकसमोर बसणारा तो एकटाच आयरिश कवी नव्हता. ऑस्टिन क्लार्कने रेडिओ एरनवर वर्षानुवर्षे काव्यवाचनाचे कार्यक्रम केले, पद्य बोलणाऱ्यांची मंडळी उभी केली. त्यातून उच्चार सुधारले, याहून जास्त म्हणवत नाही. पॅड्रिक फॅलनची पुराणकथांवरची पद्यनाट्ये अभ्यासकांनी खुशाल अभ्यासावीत. बेकेटचे 'ऑल दॅट फॉल' हे नभोनाट्य थोर आहे, पण ते नाटककाराचे यश आहे, त्याचा हिशेब वेगळ्या खात्यात.

मॅक्नीसला मात्र एका ओळीत निकालात काढता येत नाही. बेंजामिन ब्रिटनच्या संगीतासह १९४६ साली झालेले त्याचे 'द डार्क टॉवर' हे नभोनाट्य आजही ताठ उभे आहे. पण १९५४ साली बीबीसीच्या थर्ड प्रोग्रॅमवरून वाचलेले 'ऑटम सीक्वेल' हे दीर्घकाव्य म्हणजे रेडिओच्या वेळापत्रकाला पुरवलेली ओळींची रसद आहे. आणि याच मॅक्नीसला बीबीसीने १९४७ च्या ऑगस्टमध्ये आपल्याकडे पाठवले होते. त्याने पंजाबात शेखूपुऱ्याला फाळणीतल्या जखमी माणसांचे हाल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. पुढच्या वर्षी त्याचा 'इंडिया ॲट फर्स्ट साइट' हा कार्यक्रम प्रक्षेपित झाला. संहिता लिहायची आणि नटांकडून वदवून घ्यायची, ही त्या विभागाची तेव्हाची रीत होती, त्यामुळे जे पाहिले ते मॅक्नीसच्या वाक्यांतून आपल्यापर्यंत पोचते. पाहणारा मोठा कवी होता, म्हणून ती वाक्येही चांगली आहेत. पण शेखूपुऱ्याची माणसे स्वतः कशी बोलत होती?

रॉजर्सचे सारे काम या प्रश्नापासून सुरू होते. येट्स, जॉइस, जॉर्ज मूर, शॉ, गोगार्टी या लेखकांना ज्यांनी जवळून पाहिले होते, त्यांच्याकडे तो ध्वनिमुद्रण यंत्रणा घेऊन गेला. मॉड गॉन, फ्रँक ओकॉनर, शॉन ओफेलॉन, लेनक्स रॉबिन्सन येट्सविषयी बोलले. जॉइसविषयी त्याचा भाऊ स्टॅनिस्लॉस आणि झुरिकचा चित्रकार मित्र फ्रँक बजेन. प्रत्येकाचे बोलणे स्वतंत्रपणे मुद्रित झालेले. मग रॉजर्सने ते कापले आणि जोडले. एका खोलीत कधीच एकत्र न बसलेली माणसे एकमेकांना दुजोरा देऊ लागली, खोडून काढू लागली, एकाने सोडलेला धागा दुसरा उचलू लागला. एकाच्या आठवणीतला येट्स शिष्ट, दुसऱ्याच्या आठवणीतला बुजरा. कोण खरे, याचा निवाडा रॉजर्स करत नाही. त्याचे स्वतःचे निवेदन येते ते पुढच्या आवाजाला वाट करून देण्यापुरते.

याला संकलन म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी एकदा 'अवेक!' शेजारी ठेवून पाहावे. तेथे शब्द आपल्या नादाच्या शब्दाला हाक मारतो. येथे विधान आपल्या विरुद्ध विधानाला हाक मारते. मन तेच आहे, पण या वेळी हाकेला उत्तर दुसऱ्या माणसाकडून येते. म्हणूनच पहिल्या संग्रहात नसलेली उसंत येथे आहे. बोलणाऱ्याचा श्वास कुठे ठेवायचा, आठवताना लागलेली खीळ कुठे राखायची, एकच प्रसंग तिसऱ्या तोंडून पुन्हा कधी यायचा, हे निर्णय यती आणि ध्रुवपदाचेच आहेत. आवाज बदलतो तेथे कडवे संपते. पुढे मॉड गॉन १९५३ मध्ये गेली, स्टॅनिस्लॉस १९५५ मध्ये, गोगार्टी १९५७ मध्ये. रॉजर्स तेव्हा तिसऱ्या संग्रहाची जुळवाजुळव करत घरी बसला असता तर हे आवाज कोणी राखले असते?

त्याच्या आळसाचा पुरावा म्हणून 'द कॅरेक्टर ऑफ आयर्लंड' या ग्रंथाकडे बोट दाखवतात. मॅक्नीस आणि रॉजर्स यांनी मिळून तो संपादित करायचा होता. वर्षामागून वर्षे गेली, मॅक्नीसची प्रास्ताविक कविता झाली, रॉजर्सची समारोपाची झाली, आणि मधला ग्रंथ कधीच निघाला नाही. मला हा पुरावा उलट्या बाजूने बोलताना दिसतो. कागदावर लेखांची वाट पाहणारा हाच संपादक फितीवर एकामागून एक व्यक्तिचित्रे पुरी करत होता. आयर्लंडचे स्वभावचित्र त्याने पूर्ण केलेच, प्रकाशक मात्र चुकीच्या ठिकाणी हस्तलिखिताची वाट पाहत राहिला.

आजच्या श्राव्य कवितेकडे पाहिले की राग येतो तो यामुळेच. कवी एकटाच बोलतो, मागे पियानो हलकेच वाजतो, ओळ संपली की सूर लांबतो. श्रोत्याने भारावून जावे याची सगळी तजवीज असते, दुसऱ्या कोणाचा आवाज आत येण्याची नसते. हे पुन्हा लॉखगॉलचे प्रवचनपीठच, फक्त वाद्यासह. उलट, 'पर्सन्स फ्रॉम पोरलॉक' या आपल्या शेवटच्या नाटकासाठी मॅक्नीस यॉर्कशरमधल्या गुहेत ध्वनी टिपायला स्वतः उतरला, भिजला, न्यूमोनियाने आजारी पडला आणि सप्टेंबर १९६३ मध्ये गेला. भोवतीच्या आवाजाची एवढी किंमत मानणाऱ्या कवीचे नाव घेऊन कोणी तयार संगीतावर ओळी पसरत असेल, तर त्याला मी त्या परंपरेतला मानणार नाही.

आणि समीक्षक? रॉजर्सच्या समग्र कविता १९७१ मध्ये आल्या, 'आयरिश लिटररी पोर्ट्रेट्स' या त्याच्या व्यक्तिचित्रांची छापील संहिता १९७२ मध्ये. एकाच वर्षाच्या अंतराने निघालेली ही पुस्तके वेगवेगळ्या कपाटांत गेली, एक कवितेच्या, दुसरे संदर्भग्रंथांच्या. १९९३ साली मायकेल लाँगलीने जिव्हाळ्याने केलेली निवडही कवितांचीच. बेलफास्टच्या बालपणावरचे 'द रिटर्न रूम' हे १९५५ चे नभोनाट्य पुस्तकरूपाने यायला २०१० उजाडले, आणि त्यातही रस घेतला तो मुख्यतः स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी. चरित्रकार व्यक्तिचित्रांतून हवी ती आठवण उचलतात आणि तळटीप देतात. आठवणींचा क्रम कोणी उचलत नाही, आणि रॉजर्सचे कर्तृत्व त्या क्रमात आहे. तेव्हा पुढच्या संपादकाने 'युरोपा'नंतर येट्सचे आणि जॉइसचे व्यक्तिचित्र ठेवावे, उतारे न काढता, मूळ ध्वनिमुद्रणासह, आणि अनुक्रमणिकेत त्यांची नावे कवितांच्याच यादीत द्यावीत.